पॉइंट पस्तीस

आमच्या लेडीज होस्टेलच्या गेटवरचे वॉचमन काका फौजेतून रिटायर झालेत, हे त्यांच्या मिशांपेक्षा त्यांच्या रजिस्टरवरून लवकर कळतं. काका कधी 'पावणेसहा' लिहीत नाहीत, '५.४५' सुद्धा लिहीत नाहीत. ते लिहितात ०५४५. मध्ये टिंब नाही, कोलन नाही, एएम-पीएमची भानगड नाही. रात्री उशिरा आलेल्या मुलीच्या नावापुढे २२३४ असा आकडा पडला की त्यावर अपील नसतं. "ट्वेंटी-टू थर्टी-फोर आवर्स, बेटा," असं ते इतक्या प्रेमाने म्हणतात की ओरडा बसलाय हे जिना चढल्यावर लक्षात येतं.

या रजिस्टरचा मागचा अर्धा भाग बहुतेक मुलींनी कधी पाहिलेला नसेल. तिथे मेसच्या माणसांची नोंद असते. पोळीवाल्या मावशी, भाजी चिरणाऱ्या मावशी, भांडीवाल्या मावशी, आचारी, रात्रीच्या कँटीनचा दादा, असे एकूण ११ जण. कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर पडलं. आपली मेस विद्यार्थिनींची कमिटी चालवते आणि या लोकांना पगार तासावर मिळतो, तासाला ६० रुपये. परीक्षेच्या दिवसांत मेस अर्धी रिकामी, गॅदरिंगला दुप्पट गर्दी, त्यामुळे महिन्याचा ठरावीक पगार परवडत नाही असं फार पूर्वी कोणीतरी ठरवलं. म्हणजे काकांनी लिहिलेल्या चार आकड्यांवर ११ घरांचं वाणसामान अवलंबून असतं.

या वर्षी कमिटीचा हिशेब माझ्याकडे आला. का, तर मी "कॉन्व्हेंटची, कॉम्प्युटरवर फास्ट". आता कॉन्व्हेंटचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, ते विचारू नका! उलट कॉन्व्हेंटमुळे माझी पंचाईतच जास्त होते. आमच्या शाळेत घड्याळ 'क्वार्टर टू सिक्स' असं शिकवलं. सव्वा, साडे, पावणे हे सगळं मी होस्टेलला आल्यावर मावशींकडून उचललं, आणि 'अडीच' म्हणजे नक्की किती यासाठी अजून मनात अर्धा सेकंद थांबावं लागतं. असो.

हिशेबाबरोबर एक एक्सेल शीट मिळाली. चार-पाच वर्षांपूर्वीच्या कुणा सीनियरने बनवलेली, तेव्हापासून दरवर्षी नुसतं वर्ष बदलून पुढे दिलेली. एका कॉलममध्ये आत येण्याचा आकडा, दुसऱ्यात बाहेर जाण्याचा, तिसऱ्यात तास, चौथ्यात पैसे. दिसायला अगदी व्यवस्थित, कॉलमच्या डोक्यावर पिवळा रंग वगैरे.

ऑगस्टमध्ये भांडीवाल्या मावशी माझ्याकडे आल्या. "ताई, माझे तास कमी लागतात."

कमिटीतल्या मुलींनी आधीच सांगून ठेवलं होतं, की या मावशी दरवर्षी नवीन हिशेबनीस आली की हे म्हणतात. पोळीवाल्या मावशींशी त्यांचं जरा वाजतं. पोळीवालीला आपल्यापेक्षा जास्त पगार मिळतो आणि आपण तिच्यापेक्षा उशिरापर्यंत थांबतो, हे त्यांचं कायमचं गाऱ्हाणं. ऐकून घ्यायचं आणि हो म्हणायचं, असा सल्ला मला मिळाला होता.

पण मावशींनी पिशवीतून कालनिर्णय काढलं. भिंतीवरून काढून, गुंडाळी करून आणलेलं. जुलैच्या पानावर प्रत्येक तारखेच्या चौकटीत बॉलपेनने ३५, ३३, ३६, ३५ असे आकडे होते. त्यांची पद्धत साधी. "सहा-पाचला येते. सहा-पाच ते दोन-पाच आठ तास झाले की नाही? तिथून वर दोन-चाळीसला निघते. पस्तीस मिनिटं वर. रोजचे आठ तास मी धरतच नाही, नुसतं वरचं लिहिते." महिन्याचे २६ दिवस, रोज सुमारे ३५, म्हणजे ९१० मिनिटं, म्हणजे पंधरा तास दहा मिनिटं. "आणि तुमच्या कागदात आठ-आठ तास सोडून वरचे नऊच दिसतात. सहा तास कुठं गेले?"

हा प्रश्न 'भांडणातला' नव्हता, गणितातला होता. त्या रात्री मी शीट उघडून बसले.

सोयीसाठी रोजची वेळ एकच धरते. भांडीवाल्या मावशी, आत ०६०५, बाहेर १४४०. शीटमध्ये ०६०५ टाइप केलं की एक्सेल पुढचं शून्य टाकून देतं, राहतात ६०५. शीट काय करत होती? १४४० वजा ६०५ बरोबर ८३५. त्याला १०० ने भागा, ८.३५. हे झाले तास. गुणिले ६०, झाले पैसे.

बघता क्षणी सगळं बरोबर वाटतं ना? आठ तास पस्तीस मिनिटं, आठ पॉइंट पस्तीस. हीच तर गोम आहे. ८.३५ तास म्हणजे आठ तास आणि एका तासाचे शंभरातले पस्तीस भाग. तास साठाचा असतो, शंभराचा नाही. शंभरातले पस्तीस भाग म्हणजे फक्त २१ मिनिटं. मावशींची रोजची १४ मिनिटं त्या टिंबात गायब होत होती.

टिंबाची ही खोड आपल्याकडे फार जुनी आहे. लग्नपत्रिका काढा, मेसच्या बोर्डावरची नोटीस बघा, 'नाश्ता सकाळी ७.३० ते ९.३०'. इंग्रजी शाळेत आम्हाला कोलन देत असत, मराठीत सर्रास टिंब देतात. वाचताना कोणाचा गोंधळ होत नाही, कारण वाचणाऱ्याला माहीत असतं की ही वेळ आहे. मशीनला माहीत नसतं. ९.३० टाइप करून बघा, एक्सेल त्याचं ९.३ करतं. ते साडेनऊ आहे, की नऊ वाजून तीन मिनिटं, की नऊ तास अठरा मिनिटं? एक्सेलच्या दृष्टीने तो फक्त नऊ आणि तीन-दशांश आहे, मग ते किलो असोत की लिटर.

आता पोळीवाल्या मावशींचं बघा. त्या लांबून येतात. पहाटेची पहिली बस त्यांना पावणेसहाच्या सुमारास गेटवर सोडते आणि दुपारी दोन-दहाला त्या परतीच्या बससाठी निघतात. म्हणजे आत ०५४५, बाहेर १४१०. खरं काम किती? पावणेसहा ते पावणेदोन आठ तास, वर पंचवीस मिनिटं. शीट म्हणते १४१० वजा ५४५ बरोबर ८६५, म्हणजे ८.६५ तास. पैशाच्या भाषेत आठ तास एकोणचाळीस मिनिटं. रोज १४ मिनिटं जास्त!

मला हे दोन-तीनदा कागदावर करून बघावं लागलं. एकीची चौदा मिनिटं कमी, दुसरीची बरोबर चौदा जास्त, एकाच फॉर्म्युल्यात. कारण असं की ही शीट एक मिनिट साठ सेकंदांचं न धरता छत्तीस सेकंदांचं धरते. बाहेर पडतानाच्या मिनिटांतून आत येतानाची मिनिटं वजा करा. उत्तर अधिक आलं, तर तेवढी मिनिटं तुमची जमा असतात आणि प्रत्येकामागे २४ सेकंद कापले जातात. उणे आलं, तर ती मिनिटं तुमच्या तासांतून वजा व्हायची असतात, आणि तीही बारकी होऊन वजा होतात, म्हणून तुमचा फायदा. जो तासाच्या ठोक्याला जरा आधी येतो आणि ठोक्यानंतर लगेच जातो, त्याची चैन. जो ठोक्यानंतर येतो आणि उशिरापर्यंत थांबतो, तो मेला. यात कोण किती कष्ट करतं याचा काही संबंध नाही. बसचं टाइमटेबल ठरवणार कुणाचा पगार किती ते.

(२४ सेकंदांवरून एक गंमत. सुट्टीत आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे एक पळ." जुन्या मापात दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. तेव्हा दर मिनिटामागे एक पळ या दराने आमची मेस पगार कापत होती असं शास्त्रशुद्ध मराठीत म्हणता येईल.)

पैशात बघितलं तर आणखी टोचतं. तासाला ६० म्हणजे मिनिटाला एक रुपया. २६ दिवस, रोज १४ मिनिटं, ३६४ रुपये. भांडीवाल्या मावशींना १३,३९० मिळायला हवे होते, मिळत होते १३,०२६. पोळीवाल्या मावशींना १३,१३० मिळायला हवे होते, मिळत होते १३,४९४. जिचं काम रोज दहा मिनिटं जास्त, तिला महिन्याला ४६८ रुपये कमी. त्या जे दरवर्षी सांगत होत्या, ते अक्षरशः खरं होतं.

इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? एक तर भांडीवालीचं कोण ऐकतं. दुसरं म्हणजे एकाचं कमी आणि दुसऱ्याचं जास्त होऊन मेसचा एकूण पगार जवळपास बरोबर यायचा. ऑडिटला बेरीज बघतात. बेरीज कधी बोंबलली नाही.

आता दुरुस्ती. साधा आकडा वेळ कसा करायचा हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण आपण इंजिनीअरिंगवाले आहोत, तेव्हा उड्या मारून पुढे जाऊ नये ही विनंती. प्रोजेक्टची लॉगशीट असो की वर्कशॉपची, हा घोळ आपल्यालाही चुकत नाही.

माझ्या रूममेटने पहिला उपाय सुचवला, सेल सिलेक्ट कर आणि फॉरमॅट 'टाइम' कर. केलं. सगळ्या कॉलममध्ये ०:०० आलं. तिला वाटलं मशीन बिघडलं. बिघडलं नव्हतं. एक्सेलच्या लेखी वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. पूर्ण दिवस १, दुपारचे बारा ०.५, सकाळचे सहा ०.२५. आणि पूर्ण आकडा म्हणजे दिवसांची संख्या, १ जानेवारी १९०० पासून मोजलेली. त्यामुळे १४१० हा त्याच्यासाठी दोन वाजून दहा मिनिटं नसून १० नोव्हेंबर १९०३ आहे, तोही मध्यरात्रीचा. ५४५ म्हणजे २८ जून १९०१. पोळीवाल्या मावशी १९०१ च्या जूनमध्ये आत शिरून १९०३ च्या नोव्हेंबरात बाहेर पडल्या. एवढा ओव्हरटाइम कुठली मेस देईल!

दिवस मोजायच्या या पद्धतीत एक जुनी चूकही बसलेली आहे. ६० हा आकडा टाकून तारीख मागा, एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० सांगतं. असा दिवस उगवलाच नव्हता. शतकाचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप, १९०० ला जात नाही. ही चूक १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ मध्ये होती. लोटसच्या फाइली आपल्याकडे नीट चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून तशीच घेतली आणि आजवर ठेवली. आता बदलली तर जगभरातल्या शीटमधल्या तारखा एक दिवसाने सरकतील. हे वाचलं तेव्हा मला आमची पिवळ्या डोक्याची शीटच आठवली. फरक एवढाच की त्यांना चूक माहीत होती.

दुसरा उपाय आमच्या कमिटीच्या सेक्रेटरीचा. कस्टम फॉरमॅटमध्ये मध्ये कोलन घालायचा, म्हणजे १४१० चं १४:१० दिसतं. दिसतं! पण सेलच्या आत १४१० च राहतं. वजाबाकी केली की पुन्हा ८६५, आणि तेही आता ८:६५ असं कोलन घालून मिरवणार. मी म्हणेन हा उपाय मूळ चुकीपेक्षा वाईट, कारण आता ती वेळेचे कपडे घालून येते.

खरा रस्ता म्हणजे आकडा फोडायचा. १४१० ला १०० ने भागलं की पूर्ण भाग १४, तो तास. बाकी १०, ती मिनिटं. पूर्ण भाग काढायला 'इंट', बाकी काढायला 'मॉड', आणि दोन्ही जोडून खरी वेळ बनवायला 'टाइम'. आकडा ए२ मध्ये असेल तर

=टाइम(इंट(ए२/१००), मॉड(ए२,१००), ०)

(टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं.) पुढचं शून्य उडालं तरी बिघडत नाही, ५४५ चे ५ आणि ४५ निघतात. रात्री बारा वाजून पंधरा मिनिटांचं ००१५ नुसतं १५ होतं, त्याचे शून्य तास आणि १५ मिनिटं. आता सेलच्या आत १४१० नाही, तर ०.५९०३ च्या आसपास काहीतरी आहे, दिवसाचा तेवढा भाग. ०५४५ चा ०.२३९६. वजाबाकी ०.३५०७, गुणिले २४ केलं की ८.४१६७ तास. आणि ८.४१६७ म्हणजे आठ तास पंचवीस मिनिटं. पोळीवाल्या मावशींचं 'आठ तास, वर पंचवीस' तेच.

काही खाचखळगे मात्र आहेत. 'टाइम' फंक्शन फार समजूतदार आहे, जरुरीपेक्षा जास्त. काकांचा १ आणि ७ घाईत सारखा दिसतो. १३१५ च्या ऐवजी कोणी १३७५ टाइप केलं तर ते तक्रार करत नाही, ७५ मिनिटांचा एक तास आणि पंधरा मिनिटं करून गुपचूप १४:१५ देतं. म्हणून शेजारी एक कॉलम ठेवला, बाकी ५९ च्या वर गेली की लाल होणारा. पहिल्या महिन्यात तीन लाल झाले.

मग रात्रीच्या कँटीनचा दादा. १८३० ला येतो, ००३० ला जातो. जाण्याची वेळ येण्यापेक्षा लहान, वजाबाकी उणे, आणि उणे वेळ दाखवायला सांगितली की एक्सेल सेलभर कुंपण काढून ठेवतं, ########. जुन्या शीटमध्ये कोणीतरी हाताने २४३० लिहून वेळ मारून नेली होती. (त्या दादाच्या दोन्ही टोकांना तीसच मिनिटं, म्हणून ११ जणांत एकट्याचा हिशेब पैशानपैसा बरोबर निघाला!) यावर उपाय पुन्हा 'मॉड', वजाबाकीची १ ने भागून बाकी. उणे पाऊण दिवसाची बाकी पाव दिवस, म्हणजे सहा तास. मध्यरात्र ओलांडली तरी चालतं.

आणि शेवटची बेरीज. भांडीवाल्या मावशींच्या महिन्याची बेरीज केली तर उत्तर आलं ७:१०. महिनाभर भांडी घासून सात तास दहा मिनिटं! मी आधी हबकले, मग कळलं की घड्याळ चोवीसला पुन्हा शून्यावर येतं, बेरीजही तशीच येते. खरे २२३ तास १० मिनिटं, त्यातले नऊ पूर्ण दिवस गिळले गेले. फॉरमॅटमध्ये तासाच्या अक्षराभोवती चौकोनी कंस घातला की २२३:१० दिसतं. पैसे काढताना मात्र आतला अपूर्णांक आधी २४ ने गुणायचा, मग ६० ने. ते २४ विसरलं तर मावशींचा पगार साधारण ५५८ रुपये येईल.

जुलैपासूनचे सगळे महिने मी नव्याने काढले. जानेवारी उजाडला, कारण मध्ये सबमिशन आणि युनिव्हर्सिटीची परीक्षा. ११ जणांत सहा जणांचं येणं निघालं, चार जणांना जास्त गेलं होतं, एक बरोबर. भांडीवाल्या मावशींचं येणं दोन हजारांच्या जवळपास होतं.

कमिटीची मीटिंग झाली, रेक्टर मॅडमसुद्धा होत्या. फॉर्म्युला पाच मिनिटांत पटला. त्यानंतर दीड तास (म्हणजे ९० मिनिटं, १५० नव्हे) वाद झाला. एकीचं म्हणणं, ज्यांना जास्त गेलं त्यांच्याकडून कापून ज्यांना कमी मिळालं त्यांना द्या, मेसला झळ नाही, बेरीज जुळते. गणित म्हणून ते चोख होतं. पण पोळीवाल्या मावशींनी शीट बनवली नव्हती, बसचं टाइमटेबलही नाही. कमिटीने दिलेले पैसे त्यांनी घेतले आणि खर्च केले. मॅडम म्हणाल्या वसुली करायची नाही, आणि तो विषय संपला. ज्यांचं येणं होतं त्यांना मेसच्या शिल्लकीतून दिलं. गॅदरिंगच्या फीस्टला श्रीखंड का नव्हतं असं ज्यांनी ज्यांनी मला जिन्यात अडवून विचारलं, त्यांनी कृपया वरचा परिच्छेद वाचावा.

राहिला पुढचा प्रश्न. खरी वेळ लावली की पोळीवाल्या मावशींचे महिन्याला ३६४ कमी होणार. मी म्हटलं, ज्या चौघांचे कमी होतात त्यांचे तरी या वर्षापुरते जुन्याच आकड्यावर ठेवू, दर वाढवून. मतदान झालं, सात विरुद्ध दोन. दर सगळ्यांना एक, हे त्या सातजणींचं म्हणणं चुकीचं नाही. मला ते अजूनही पटलेलं नाही.

हे पोळीवाल्या मावशींना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या दिवशी महिनाअखेर होती. मी सकाळीच प्रिंट घेऊन किचनमध्ये गेले. तव्यावर एकावेळी चार पोळ्या चालू होत्या.

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, हात थांबला नाही.

"म्हणजे इतके दिवस मी भांडीवालीचं खात होते?"

"नाही मावशी, पैसे मेसचे होते. तुमचा काही दोष नाही."

"दोष नसंल. नाव माझंच होणार." लाटणं पिठात टेकवून त्यांनी एक पोळी उलटली. "कापणार का मागचे?"

"नाही."

"तिला दिले?"

"सगळे दिले."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. दोन पोळ्या झाल्यावर कागदाकडे मान करून म्हणाल्या, "वाच. माझं किती ते वाच."

त्या महिन्यात त्यांचे दोन खाडे होते. आजचा दिवस नेहमीसारखा धरून बेरीज १९९:५० येत होती. मी वाचलं, एकशे नव्व्याण्णव तास, पन्नास मिनिटं.

"दोनशेला दहा कमी," त्या म्हणाल्या. ते डोक्यात बसायला मला नेहमीचा अर्धा सेकंद लागला. "मग आज दहा मिनिटं थांबते. दुसरी बस मिळंल. दोनशे होऊ दे."